यंत्रमानवाला काळीज, आणि माणसाला?

विज्ञानपट पाहून चित्रपटगृहाबाहेर पडणारा प्रेक्षक त्या दिवशी यानाबद्दल बोलतो, स्फोटांबद्दल बोलतो, अमुक दृश्य संगणकावर कसे केले असेल याबद्दल बोलतो. दोन वर्षांनी त्याला विचारा. यान विसरलेले असते, स्फोट विसरलेले असतात. लक्षात राहतो तो एखादा निळसर अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, घाबरलेला जीव. २००३ साली ‘कोई मिल गया’ आला. त्यातले परग्रहावरचे यान कसे दिसत होते हे आज किती जणांना सांगता येईल? पण ‘जादू’ म्हटले की खेड्यापाड्यातल्या, वस्तीतल्या माणसाच्याही चेहऱ्यावर ओळख उमटते.

असे का होते? यंत्रांवर, पैशांवर, तंत्रावर उभा असलेला चित्रपट शेवटी पात्रांवरच का तरतो? हा सवाल केवळ करमणुकीचा आहे, असे आम्ही मानत नाही. विज्ञानपट हा उद्याच्या जगाचा नकाशा असतो. त्या नकाशात कोणाला जागा आहे, कोणाबद्दल प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते आणि कोणाकडे कॅमेरा वळतच नाही, हे पाहिले म्हणजे आजच्या समाजाचे मन कळते. म्हणून वाचकहो, आज थोडे या विषयावर.

लेण्याद्री आणि खोडद

पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका या चर्चेला सोयीचा आहे. येथे एकाच तालुक्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ आणि अवकाशातून येणारे संदेश शेजारी राहतात. कुकडीच्या खोऱ्यात लेण्याद्रीच्या डोंगरावर इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकातील सुमारे ३० बौद्ध लेणी आहेत. क्रमांक ६ चे लेणे चैत्यगृह आहे. शेजारचे क्रमांक ७ चे लेणे हे तेथील सर्वांत मोठा विहार. भिक्खूंच्या निवासासाठी कोरलेल्या या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे आणि अष्टविनायकाची यात्रा तेथे जाते. येणाऱ्या बहुसंख्य लोकांना आपण विहारात उभे आहोत, याची जाणीवही नसते.

याच तालुक्यात नारायणगावच्या पुढे खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी भारतीय परिस्थितीला परवडेल अशी ही रचना केली. पूर्ण पत्र्याची तबकडी न करता तारेची ताणलेली जाळी वापरली, म्हणून वजन आणि खर्च दोन्ही कमी झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे ‘शियापरेली’ हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश याच खोडदच्या तबकड्यांनी टिपला होता. यान पुढे मंगळावर आदळले, पण त्याचा अखेरचा आवाज जुन्नर तालुक्यात ऐकला गेला.

विज्ञानपटाच्या पटकथेला याहून चांगली जागा कोणती? तरीही या मातीतले एखादे पात्र विज्ञानपटात आल्याचे आम्हाला आठवत नाही. हे का, याकडे आपण शेवटी येऊ. आधी पात्र कशाने धरून ठेवते ते पाहू.

शिलालेखातील माणसे

पात्र उभे करायला किती शब्द लागतात? लेण्याद्रीच्या चैत्यगृहावरचा शिलालेख एका ओळीचा आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले, एवढेच त्यात आहे. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. नाव, बाप, गाव, घरचा धंदा आणि त्याने जगाला काय दिले, एवढ्या पाच गोष्टींत दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्यासमोर उभा राहतो. जुन्नर परिसरातील लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेण्यांचे उल्लेख आहेत. इरिल, चिट, चंद असे यवन, म्हणजे परदेशातून आलेले लोकही आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप दिला. परक्या मुलखातून आलेला माणूस आणि येथला कारागीर एकाच डोंगरावर, एकाच प्रकारच्या अक्षरांत नोंदला गेला.

आमच्या मते चांगल्या विज्ञानपटातले पात्र याच पाच गोष्टींवर उभे असते. त्याला नाव असते, त्याचे कोणी असते, त्याला घर असते किंवा घर हरवलेले असते, त्याला काम असते आणि देण्यासारखे काहीतरी असते. यांतले काहीच नसेल तर ते पात्र कितीही उंच उडाले तरी प्रेक्षक त्याच्याबरोबर उडत नाही.

यंत्र कोणाच्या हातात

१९८७ सालचा ‘मिस्टर इंडिया’ घ्या. माणूस अदृश्य होतो ही कल्पना जुनीच. पण ते यंत्र कोणाच्या मनगटावर चढते? भाड्याच्या घरात अनाथ पोरांना सांभाळणाऱ्या, भाडे थकलेल्या, वाण्याची उधारी डोक्यावर असलेल्या अरुण वर्माच्या. तो अदृश्य होण्यापूर्वी आपण त्याची चूल पाहिलेली असते. म्हणून अदृश्य झाल्यावर तो धान्यात खडे मिसळणाऱ्यांना तेच खडे खायला लावतो, तेव्हा ती टाळी यंत्राला पडत नाही. ती रेशनच्या दुकानासमोर उभे राहिलेल्या प्रत्येकाची टाळी असते.

दुसरी गोष्ट, तो लाल प्रकाशात दिसतो. ही मर्यादा चित्रपटाला प्राण देते. सर्वशक्तिमान पात्राबद्दल काळजी वाटत नाही. ज्याला काही होऊच शकत नाही त्याच्यासाठी श्वास कोण रोखून धरील? १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मध्ये कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम माणसांना फक्त चार वर्षांचे आयुष्य दिलेले असते. त्यांना परग्रहांवर कष्टाला जुंपलेले असते. त्यांतला रॉय बॅटी आपल्या निर्मात्याकडे आयुष्य वाढवून मागायला येतो. चित्रपटात तो खलनायक आहे, त्याने खून केलेले आहेत. तरी शेवटी त्याला ठार करायला आलेल्या माणसाचाच जीव तो वाचवतो आणि स्वतः पावसात मरतो. त्या क्षणी माणूस कोण आणि यंत्र कोण, हा हिशेब प्रेक्षकाच्या मनात उलटा होतो. गुलामाने मालकापेक्षा मोठे मन दाखवावे, यापेक्षा मोठी चपराक कोणती?

कचरा उचलणारा नायक

२००८ साली ‘वॉल-ई’ हा अॅनिमेशनपट आला. पृथ्वी कचऱ्याने भरली म्हणून माणसे यानात बसून निघून गेली आणि कचरा दाबून त्याचे ठोकळे करणारा एक छोटा यंत्रमानव मागे राहिला. ७०० वर्षे तो एकटा हे काम करतो आहे. चित्रपटाच्या सुरुवातीचा बराच वेळ संवाद जवळजवळ नाहीतच. तरी आपण त्याच्यात गुंततो. का? तर त्याच्या सवयींमुळे. तो कचऱ्यातून आवडलेल्या वस्तू वेगळ्या काढून घरी नेतो, रांगेत मांडून ठेवतो. एक झुरळ त्याचा सोबती आहे. जुन्या चित्रपटाची फीत लावून तो दोन माणसे एकमेकांचा हात हातात घेताना पाहतो आणि स्वतःचे दोन हात एकमेकांत गुंतवून बघतो.

पात्र कसे घडवावे याचा हा धडा आहे. कामावरून माणूस कळतो, पण कामापलीकडे तो काय जपतो यावरून तो आपला होतो.

आता आमचा सवाल. जगभरच्या प्रेक्षकांनी कचरा उचलणाऱ्या यंत्रासाठी डोळे पुसले. आपल्या शहरात सकाळी गल्ली झाडणाऱ्या माणसाचे नाव त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे? हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा कायदा झाला, तरी गटारात उतरून माणसे मरण्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. २०१८ साली केरळात गटार साफ करणारा ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव कामाला लागला. म्हणजे यंत्र शक्य आहे, पैसा आहे, ज्ञान आहे. मग गटारात माणूस का उतरतो? कारण व्यवस्थेच्या लेखी तो पात्रच नाही. त्याला काम दिले आहे, पण त्याचे नाव, घर, आवड, जपलेली वस्तू कोणी पाहिलेली नाही. पडद्यावरच्या यंत्राला काळीज मिळाले, गटारातल्या माणसाला संरक्षक साधनही मिळाले नाही.

जन्माचा दाखला

आमच्या वाचकांनी एखादाच विज्ञानपट पाहायचा असेल तर १९९७ सालचा ‘गॅटाका’ पाहावा. त्यात परग्रहावरचे कोणी नाही, लढाया नाहीत. उद्याच्या समाजात बाळ जन्मताच रक्ताचा थेंब तपासून त्याचे भविष्य ठरवले जाते. निवडून, सुधारून जन्माला घातलेली ती श्रेष्ठ, नैसर्गिकरीत्या जन्मलेली ती कनिष्ठ. नायक व्हिन्सेंट असाच नैसर्गिक जन्मलेला. हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, अपेक्षित आयुष्य ३०.२ वर्षे. हे ऐकताच बाप मनात ठरवलेले स्वतःचे अँटन हे नाव त्याला पहिले नाव म्हणून देत नाही. ते नाव पुढे सुधारून जन्मलेल्या धाकट्या भावाला मिळते.

व्हिन्सेंटला अंतराळात जायचे आहे. ज्या संस्थेतून याने सुटतात त्या संस्थेत त्याला काम मिळते ते साफसफाईचे. ज्या काचेतून यान दिसते ती काच पुसण्याचे. गुणवत्ता कितीही असो, मुलाखत म्हणजे केवळ लघवीची तपासणी. मग तो जेरोम नावाच्या ‘उच्च’ जन्माच्या, पण अपघाताने अपंग झालेल्या माणसाची ओळख वापरू लागतो. रोज पहाटे अंग घासून स्वतःची मेलेली त्वचा काढून टाकायची, पापणीचा केसही कोठे पडू द्यायचा नाही, दुसऱ्याचे रक्त बोटाला चिकटवून दारातून आत जायचे.

हे वाचताना कोणाला काय आठवेल, हे आम्ही सांगायला हवे काय? शहरात खोली भाड्याने मिळावी म्हणून आडनाव बदललेली माणसे आपल्यात आहेत. कचेरीत घरचा विषय निघाला की बोलणे दुसरीकडे वळवणारी मुले आपल्यात आहेत. भिंतीवरचा फोटो पाहुणे येताना उतरवावा की राहू द्यावा, असा विचार ज्या घरात झाला त्या घराला व्हिन्सेंटची पहाट समजावून सांगावी लागत नाही. हॉलिवूडच्या लेखकाने जात पाहून हा चित्रपट लिहिला, असा आमचा दावा नाही. पण जन्मावर माणसाची किंमत ठरली की समाज कोठेही, कोणत्याही शतकात असाच दिसतो, हे त्याने दाखवले.

व्हिन्सेंट आपल्याला धरून ठेवतो तो फसवणूक करतो म्हणून नव्हे, तर त्याच्यावर भाकितापेक्षा मोठे होण्याची जबाबदारी पडलेली आहे म्हणून. आणि चित्रपट त्याला एकटे सोडत नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरला सारे कळलेले असते, त्याच्या स्वतःच्या मुलातही तपासणीने कबूल केलेले सारे उतरलेले नसते, आणि तो शेवटी दार उघडतो. व्यवस्थेच्या आतला एक माणूस नियमापेक्षा माणसाकडे पाहतो. हे छोटे पात्र, पण चित्रपटाचा तोल त्याच्यावर आहे.

आपल्याकडे २०१४ च्या ‘पीके’ने याच्या जवळचा प्रश्न विचारला. परग्रहावरून आलेला तो भाबडा जीव नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगावर धर्माचा ठप्पा शोधतो. ठप्पा सापडत नाही. लोक हसले, आणि विचारातही पडले. परक्याच्या नजरेने आपले जग पाहणे ही विज्ञानपटाची सर्वांत मोठी ताकद आहे. मात्र चित्रपटाचा भर धर्मावर राहिला. जातीचा ठप्पा शोधायला त्या पाहुण्याला दुसऱ्यांदा यावे लागेल.

बदलतो तो जगतो

तिसरी कसोटी बदलाची. २००९ सालच्या ‘डिस्ट्रिक्ट ९’ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गवर परग्रहवासीयांचे यान येऊन थांबलेले आहे. आत उपाशी, आजारी जीव सापडतात. त्यांना शहराबाहेर तारेच्या कुंपणात कोंबतात आणि शिवीवजा नावाने हाक मारतात. नायक विकस हा कोणी वीर नाही. तो त्यांच्या झोपड्या खाली करण्याच्या नोटिसांवर सह्या घेत फिरणारा कारकून आहे, आणि ते काम तो हसत हसत करतो. मग एका द्रवाच्या स्पर्शाने त्याचे स्वतःचे शरीर त्यांच्यासारखे होऊ लागते. ज्या कचेरीसाठी त्याने काम केले तीच त्याला कापून तपासायला निघते. केप टाउनमधील ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही वस्ती १९६६ साली केवळ गोऱ्यांची म्हणून जाहीर करून हजारो लोकांना हाकलले गेले, त्या इतिहासाची सावली या चित्रपटावर आहे. त्यात नायजेरियन लोकांचे चित्रण मात्र तुच्छतेचे झाले आणि नायजेरियाने त्यावर आक्षेप घेतला, हेही नोंदवले पाहिजे. एका परक्याला माणूस ठरवताना दुसऱ्या परक्याला राक्षस ठरवण्याची खोड चांगल्या कलावंतालाही सुटत नाही.

सत्यजित राय यांनी १९६२ साली ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा लिहिली. बंकुबाबू खेड्यातला गरीब शाळामास्तर. गावातली प्रतिष्ठित मंडळी बैठकीत रोज त्याची टिंगल करतात, तो मान खाली घालून ऐकून घेतो. एके रात्री त्याला परग्रहावरचा पाहुणा भेटतो आणि त्याला सांगतो की तू फार सोसतोस. दुसऱ्या दिवशी बंकुबाबू त्या बैठकीत जाऊन सर्वांना सुनावतो आणि बाहेर पडतो. पाहुण्याने त्याला कोणतीही शक्ती दिलेली नसते. स्वाभिमान त्याच्यात होताच, तो जागा झाला. पुढे राय यांनी ‘द एलियन’ ही पटकथा १९६७ साली लिहिली. बंगालमधल्या गावचे तळे, त्यात उतरलेले यान आणि हाबा नावाचा गरीब पोरगा. हॉलिवूडच्या कंपनीने रस घेतला, पण चित्रपट झाला नाही.

‘कोई मिल गया’ नेमका येथे कमी पडतो, असे आम्हाला वाटते. रोहितची बौद्धिक वाढ कमी आहे, मोठा होऊनही तो लहान मुलांच्या वर्गात बसतो, त्याची थट्टा होते. तोवर तो आपला असतो. पण शेवटी त्याला बळ आणि बुद्धी मिळते तेव्हाच जग त्याला स्वीकारते. जसा आहे तसा तो सन्मानाला पात्र आहे, हे म्हणायचे चित्रपट टाळतो. जादू माणसाला बदलतो, जगाला बदलत नाही. बंकुबाबूचा पाहुणा उलट करतो.

‘रोबोट’मधला चिट्टी (२०१०) यापेक्षा जास्त सांगून जातो. तो आगीतून एका मुलीला वाचवतो, पण ती अंघोळ करत होती आणि चारचौघांत तिची लाज गेली, हे त्याला कळत नाही. ती पळत सुटते आणि वाहनाखाली मरते. चिट्टीने नियम पाळला होता. माणसाची अब्रू म्हणजे काय हे त्याच्या यादीत नव्हते. नियम पाळून माणूस मारता येतो, हे या एका प्रसंगाने जेवढे समजते तेवढे मोठ्या भाषणाने समजत नाही.

आमचे पात्र कोठे आहे?

आता जुन्नरकडे परत. आपल्या विज्ञानपटातील शास्त्रज्ञांची, नायकांची नावे आठवा. मेहरा, वर्मा, सुब्रमण्यम. उद्याच्या जगात ही आडनावे पोहोचली. आपली वस्ती पोहोचली नाही. कोणी मुद्दाम वगळले असे आम्ही म्हणत नाही. ज्याने लिहिले त्याने आपल्या घरातले लिहिले. प्रश्न आपल्या घरातले कोणी का लिहिले नाही, हा आहे.

कल्पनेतल्या पात्राने काय होते, असे विचारणाऱ्यांनी निशेल निकोल्स यांची गोष्ट ऐकावी. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत त्या यानावरच्या अधिकारी उहुरा झाल्या. अमेरिकेत काळ्या स्त्रीला मोलकरणीच्या भूमिका मिळण्याचा तो काळ. त्या मालिका सोडायला निघाल्या तेव्हा डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवले. भविष्यात आपण आहोत हे प्रथमच दिसते आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ती मालिका पाहत वाढलेली मे जेमिसन १९९२ साली अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. एका पात्राने एवढे होते.

मराठीत विज्ञानकथेची परंपरा आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती स्वतःचे नाव लपवून, नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या मोठेपणाचा परीक्षकांवर दाब पडू नये, म्हणून. कथेला बक्षीस मिळाले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. नाव झाकून कथेची पारख व्हावी, हा त्यांचा आग्रह आम्हाला फार मोलाचा वाटतो. व्हिन्सेंटला हेच हवे होते.

मग कल्पून पाहू. लेण्याद्रीच्या पायथ्याची एक मुलगी. आई नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडायला जाते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी शाळेबरोबर ती खोडदला जाते. पुढे शिकते, त्याच तबकड्यांवर कामाला लागते आणि एके रात्री कोणालाही न उमगलेला संदेश तिला दिसतो. तिचे कोण ऐकेल? श्रेय कोणाला जाईल? १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने पल्सर ताऱ्यांचा पहिला संकेत ओळखला आणि १९७४ चे नोबेल तिच्या मार्गदर्शकाला गेले, हा इतिहास आहे. आपल्या मुलीच्या वाट्याला तर त्यात आडनावाचाही अडथळा. तिला काय हवे, ती काय लपवते, काय लपवायचे नाकारते, तिचे दार कोण उघडते? एवढी उत्तरे लिहिली की पात्र तयार. महागडे यान नसले तरी चालेल.

हे काम मुंबईतले निर्माते आपल्यासाठी करतील, ही आशा सोडून द्यावी. आपल्या विहारांत रविवारी मुले जमतात. तेथे महिन्यातून एकदा असा चित्रपट दाखवावा, त्यावर मुलांना बोलू द्यावे, आणि घरी जाऊन एक पान लिहायला सांगावे: शंभर वर्षांनी माझ्या वस्तीत कोण राहते, ते काय काम करते, त्याला काय हवे आहे? लेण्याद्रीच्या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी आपली नावे स्वतः कोरून घेतली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. पुढच्या दोन हजार वर्षांच्या गोष्टीत आपली नावे आपल्यालाच कोरावी लागणार आहेत. वह्या आणि पेन्सिली तर आपल्याकडे आहेत. सुरुवात कोणत्या विहारातून होते, ते आम्हाला अवश्य कळवावे.